धूर नसलेला कोळसा

आईने चिमट्यात एक निखारा धरला, त्यावर फुंकर मारली आणि तो थेट दमयंतीच्या नाकाजवळ आणला.

"घे, हुंगून पाह्य. येतो का धूर?"

"आई, नाक भाजेल माझं."

"भाजू दे. हैदराबादेत एवढी शिकून राह्यली, सांग बरं मले, ह्या कोळशाचा धूर गेला कुठी?"

उत्तर नागनाथने दिलं. तो पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होता आणि दाण्यांपेक्षा टरफलंच जास्त अंगणात उडवत होता. "धूर आमी तिकडंच ठेवला, बेल्लमपल्लीत. साहेबाच्या बंगल्यात सोडून आलो."

आई हसली आणि हसता हसता खोकायला लागली. चिमटा खाली ठेवून तिने पदर तोंडावर धरला.

नागनाथ दमयंतीचा धाकटा भाऊ. बेल्लमपल्लीच्या खाणीत कारकून म्हणून लागल्यावरची ही त्याची पहिली संक्रांत. घरी येताना त्याने साडी आणली नव्हती की मिठाई आणली नव्हती. बसच्या टपावर टाकून एक पोतं आणलं होतं. खाणीवरच्या कामगारांच्या लाइनीत लोक दगडी कोळशाचा ढीग उघड्यावर पेटवून देत. पिवळा, डोळे झोंबवणारा धूर निघून गेला की पाणी मारून विझवत. मागे उरे तो हलका, भोकाभोकाचा, करडा कोळसा. तो पुन्हा पेटवला की धुराशिवाय जळे. आईचा सगळा जन्म धुरात गेला होता. भीमपूरकडच्या गावात होती तोवर गोवऱ्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या, उटनूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्यावर जंगलातली ओली लाकडं. डोळे पुसत स्वयंपाक करायचा हे ती धरूनच चालली होती. आता दोन दिवस ती शेगडी घेऊन अंगणात बसत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला निखारा दाखवत होती.

शेगडीवर कढई होती, कढईत तीळ तडतडत होते. दमयंतीने हात शेकायला पुढे केले. उन्हं वर आली होती तरी हवेतला गारठा हटला नव्हता. आईने तिच्या बोटांकडे पाहिलं.

"हे काय वं? काळे डाग कशाचे?"

"तांब्याचे. प्रयोगशाळेत लागले."

"तांबं घासते का तू तिथं? मग इथंच राह्य ना, घरात काय कमी भांडे हायेत?"

जेवणाच्या सुट्टीत बाबा कचेरीतून आले. त्यांनी मफलर सोडला, दमयंतीची पिशवी उचलून वजन पाहिलं आणि म्हणाले, "दगडं भरले का तुह्या मायनं?" पिशवीत ज्वारीच्या भाकरी होत्या, ठेचा होता, डबाभर तिळाचे लाडू होते. दुपारची बस होती. आई गेटापर्यंतच आली. खोकला होता म्हणून बाबांनी तिला पुढे येऊ दिलं नाही.

"खिडकीपाशी नको बसू. वारा लागल."

"बरं."

"बरं म्हणते अन् बसते."

दमयंती खिडकीपाशीच बसली. इंद्रवेल्लीला पोलिसांनी बस थांबवून सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. एका हवालदाराने डब्याचं झाकण काढलं, लाडवांकडे पाहिलं आणि तेलुगूत विचारलं, "अम्मा चेसिंदा?" आईने केले का? तिने मान हलवली. त्याने एक लाडू उचलला आणि झाकण नीट लावून डबा परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहाच्या वॉर्डनबाई तिच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. हातात रुमाल होता आणि त्या उगाच त्याच्या घड्या घालत होत्या.

*

तिच्यासाठी थांबले होते. ती पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती, अंगण बायकांनी भरलं होतं आणि आईला ओसरीत ठेवलं होतं. हिरवी साडी, मळवट, ओटी. सवाष्ण गेली होती, तेव्हा सगळा साज करूनच.

"पाह्य," कौशल्याआत्या तिला जवळ घेत म्हणाली. बाबांची थोरली बहीण, गावाहून दुपारीच आली होती. "पाह्य तुह्या मायचं तोंड. झोपली वाटते का नाही? कसं तेज आलं पाह्य. पुण्यवान बाई."

दमयंतीने पाहिलं. आईचे गाल गुलाबी होते. इतके गुलाबी तिने ते कधीच पाहिले नव्हते. उन्हातून आल्यावरही नाही, चुलीपुढून उठल्यावरही नाही. ओठांवर रंग होता. नखं लालसर होती. एकेक बाई पुढे येऊन आईच्या कपाळाचं कुंकू बोटाला घेत होती आणि आपल्या कपाळाला लावत होती, आम्हालाही असंच मरण येवो म्हणून.

आणि दमयंतीला नरसिंगराव सरांचा आवाज ऐकू आला. प्रयोगशाळेतला तिचा पहिला आठवडा होता तो. भिंतीला साखळीने बांधलेल्या सिलिंडरवर हात ठेवून सर म्हणाले होते, ह्या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं लोह ऑक्सिजनला सोडतं आणि ह्याला धरून ठेवतं. माणूस झोपेतच जातो. चेहरा गुलाबी राहतो. बघणाऱ्याला वाटतं, निवांत गेला.

तिने मान वळवली. ओसरीच्या कडेला, तुळशीपाशी, कुणीतरी शेगडी आणून ठेवली होती. तिच्यात पांढरी, पिठासारखी राख होती. मागच्या लहान खोलीचं दार उघडं होतं. खिडकीच्या फटींमध्ये गोणपाटाच्या पट्ट्या ठासून भरलेल्या इथूनही दिसत होत्या.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. ती जवळ जाऊन बसली तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं.

"खोकत होती," ते म्हणाले. "म्हटलं मागच्या खोलीत झोप, लहान हाय, ऊब धरते. मीच शेगडी ठेवली आत. फटी बुजवल्या. बारा वाजता उठून पाह्यलं, खोकला थांबला होता. म्हटलं, लागला डोळा. दार लोटून घेतलं." त्यांनी तिच्या मनगटावरची पकड घट्ट केली. "दमू, तिले थंडी नसंल ना वाजली?"

तिने तोंड उघडलं. मग तिने शेगडीवरून नजर काढली.

"नाही बाबा," ती म्हणाली.

"हाव ना? उबेत गेली."

बाबांनी तिचं मनगट सोडलं आणि ते पहिल्यांदाच रडले.

*

त्यानंतरची पाच वर्षं दमयंतीने त्या वायूच्या सोबतीने काढली.

पीएच.डी.चा विषय आधीच ठरलेला होता. सरांनी एकदा विचारलं होतं, बदलायचा का. घरी घडलेलं त्यांना माहीत होतं म्हणून नव्हे, ती वाळत चालली होती म्हणून. ती नको म्हणाली. क्वार्ट्झच्या एका बारीक नळीत चिमूटभर भुकटी ठासायची: सीरियम ऑक्साईड, आणि त्यावर चढवलेलं थोडं तांबं. मूळची भुकटी फिकट पिवळी, हळदीचं पाणी वाळल्यासारखी. तांबं चढलं की काळपट होई. नळी भट्टीत बसवायची आणि एका टोकाने कार्बन मोनॉक्साईड आणि पाण्याची वाफ सोडायची. मोनॉक्साईड तांब्यावर येऊन बसतो. शेजारचा सीरियम आपल्या अंगातला ऑक्सिजन काढून त्याला देतो, आणि झालेली रिकामी जागा वाफेतल्या ऑक्सिजनने भरून घेतो. दुसऱ्या टोकाने निघतो तो कार्बन डायऑक्साईड आणि हायड्रोजन. विष आत जातं आणि विष नसलेलं काहीतरी बाहेर येतं. खतांच्या कारखान्यांत हेच काम टनांनी चालतं. तिथलं तांबं जस्ताच्या सोबतीने काम करतं आणि हवा लागली की बिघडतं. हे बिघडू नये, एवढ्यासाठी सगळी खटपट.

यंत्राची लेखणी कागदावर डोंगर काढत असे. प्रत्येक वायूचा एक डोंगर. भट्टी तापत जाई तसा मोनॉक्साईडचा डोंगर ठेंगणा होत जाई. दोनशे अंशांच्या पुढे तर नुसता उंचवटा उरे. पहिल्यांदा तो दिसेनासा झाला तेव्हा सोबतच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी समोसे आणले. दमयंतीने समोसा हातात घेतला आणि तिला कळलं की ती मनातल्या मनात मागच्या खोलीची लांबी-रुंदी मोजते आहे. किती हवा मावत असेल तिथे. किती भुकटी लागली असती. मग तिला आठवलं की ह्या भुकटीला तापवावं लागतं. पांघरुणातल्या माणसाशेजारी, जानेवारीच्या थंडीत, ती नुसती भुकटीच राहिली असती.

ती प्रयोगशाळेत सगळ्यांच्या आधी येई. खिडक्या उघडी, पंखा लावी आणि दाराबाहेर उभी राही. आत कुणी नसे, तरी कुणाला तरी बाहेर पडायला वेळ द्यावा तशी ती उभी राही. कधी एखाद्या बंद खोलीत शिरताना उंबऱ्यावर तिची पावलं थांबत, नाक आपोआप वर होई. हुंगण्यासारखं काही नाही हे तिच्याइतकं पक्कं कुणाला माहीत होतं? तरी ती हुंगे. वसतिगृहात डिसेंबरातही ती खिडकी लावू देत नसे. खोलीतली वारंगळची मुलगी दोन रजया गुंडाळून कुरकुरायची, "दमयंती, येणार कोण आहे खिडकीतून? आला तर निदान खिडकी लावून घे म्हणावं त्याला."

वर्षातून दोनदा ती उटनूरला जाई. मागच्या खोलीत आईचा फोटो लागला होता. शेजारपाजारच्या बायका हळदीकुंकवाला आल्या की फोटोच्या काचेला कुंकू लावत, तेच बोटाने घेऊन आपल्याला लावत. आईच्या चेहऱ्यावरच्या तेजाची गोष्ट आता गुडीहतनूरपर्यंत गेली होती. लेकीच्या लग्नाच्या आधी एखादी आई मुद्दाम लेकीला घेऊन येई. बाबा त्यांना खोली दाखवत, आणि दाखवून झाल्यावर हळू आवाजात सांगत, "उबेत गेली. थंडीचा तरास नाही झाला तिले."

तेवढं एकच त्यांच्याकडे होतं. शेगडी त्यांनी ठेवली होती, फटी त्यांनी बुजवल्या होत्या, दार त्यांनी लोटलं होतं. ह्या तीन गोष्टींतून त्यांनी एक ऊब शिल्लक ठेवली होती आणि ती पांघरून ते कचेरीत जात होते, भाकरी खात होते, जगत होते. दमयंतीने एक शब्द उच्चारला असता तर त्या तिन्ही गोष्टींना दुसरं नाव मिळालं असतं.

बाबा तिला सगळं विचारत. मेसमध्ये भाजी कसली असते, सर रागावतात का, पगारासारखं काही मिळतं का. ती कुठल्या वायूवर काम करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही. तिलाही ते बरंच वाटे.

*

सत्याण्णवच्या जानेवारीत नागनाथची बायको रेणुका बाळंत झाली. तिची आई नव्हती, तेव्हा बाळंतपण सासरीच, उटनूरला. मुलगी झाली. दमयंती रजा काढून आली त्याच दिवशी दुपारी रेणुकाला दवाखान्यातून घरी आणलं.

कौशल्याआत्या आठवडाभर आधी येऊन कमरेला पदर खोचून बसली होती. तिने ओव्याची, बाळंतशेपेची पुरचुंडी बांधली होती, डिंक तळला होता, बाज कसून घेतली होती. दमयंतीला पाहताच तिने कानशिलावर बोटं मोडली.

"आली वं माही डॉक्टरीण. किती वाळली! हैदराबादेत खायले देत नाही का?"

"मी तसली डॉक्टर नाही, आत्या."

"मालूम हाय. औषध देणारी असती त कामात आली असती." ती चहा ओतत म्हणाली, "तुह्या बापाले सांग काही. एवढ्या थंडीत ओसरीत झोपते. आजची गोष्ट नाही, वहिनी गेली तवापासून. म्हटलं आत झोप गा, त म्हणते कोंडल्यावाणी होते."

दमयंतीने कप खाली ठेवला. ओसरीत भिंतीला लावून बाबांची वळकटी होती. ती नेहमीच तिथे असे. ती तिने कितीतरी वेळा पाहिली होती.

"बाज कुठे टाकली?" तिने विचारलं.

"मांगच्या खोलीत. तुह्या मायच्या. पुण्याची जागा हाय, अन् ऊब धरते."

दमयंती मागे गेली. रेणुका बाजेवर कुशीवर निजली होती, कानाला फडकं बांधलेलं. बाळ तिच्या पोटाशी होतं. एवढंसं तोंड, मूठ गालावर. खिडकीच्या फटींत नवं गोणपाट होतं. दोन पट्ट्या एकावर एक, कडा दुमडून, खिळे ठोकून. बाबांचं काम नेहमीच नीटनेटकं असे.

"ताई," रेणुका म्हणाली, "लई गार वाटून राह्यलं. हाडात शिरली थंडी."

दमयंतीने आपली शाल तिच्या पायांवर घातली. मग खिडकीपाशी जाऊन एक पट्टी ओढली. खिळा सुटला नाही. तिने नखाने उचकटून पाहिलं, मग सांडशी आणून तो उपटला. वाऱ्याची एक बारीक धार आत आली.

"काऊन वं?" आत्या दारात होती. "लेकरू दोन दिवसांचं, अन् तू वारा घेऊन राह्यली आत?"

"आत्या, इथे शेगडी ठेवणार आहात ना?"

"मग? शेक नाही देऊ? बाजेखाली शेगडी नाही त बाळंतपण कशाचं?"

"शेक द्या. दार-खिडकी उघडी ठेवून द्या, आणि झाला की शेगडी बाहेर काढा. रात्रभर नको. ह्या कोळशातून एक वायू निघतो. विषारी असतो."

"कोणता वायू? धूर त निघत नाही."

"धूर नाही. तो दिसत नाही. त्याला वास नसतो."

"दिसत नाही, वास येत नाही," आत्याने बाजेवरच्या रेणुकाकडे पाहून भुवया उडवल्या, "मग हाय कशावरून?"

"मोजता येतो."

"तुह्या मशिनीत येत असन. इथं माणसं राह्यतात." आत्याच्या आवाजात राग नव्हता. तिने आयुष्यात किती लेकरं न्हाऊ-माखू घातली होती त्याचा हिशोब गावात कुणाकडे नव्हता. "हे पाह्य दमयंते, गोवरीचा धूर लेकराच्या छातीत जाते म्हणून त हा कोळसा घेतला. नागनाथनं मुद्दाम आणला. लेकीसाठी."

नागनाथ मागे येऊन उभा राहिला होता. तो आता पोक्त दिसत होता. मिशा ठेवल्या होत्या. "ताई, चांगला कोळसा हाय. आमच्या लाइनीत घरोघरी हाच."

"घरात? दार लावून?"

"नाही... स्वयंपाक बाहेर असते. पडवीत." त्याने बोलता बोलता कपाळ खाजवलं. "पण आई त वापरत होती ना."

बाळाने ओठ चोखल्यासारखे केले.

"गावात आमी काय शेगडीबिगर वाढलो?" आत्या म्हणाली. "तुहा बाप, मी, सगळे. मेलो का?"

"गावात घरावर कवेलू होते, आत्या. वरून, भिंतीतून, कुठूनही वारा यायचा. इथे स्लॅब आहे."

"तेच त म्हणते मी! म्हणून त इथं वारा लागत नाही."

दमयंतीला हसू आलं आणि ते तिने गिळलं. ती आत्याला भट्टी समजावून सांगू शकली असती, लोह आणि तांबं, काय कशाला धरतं आणि का सोडत नाही. कागदावरचे डोंगर काढून दाखवू शकली असती. ह्यातलं काहीच ह्या खोलीत उभं राहिलं नसतं. गेली पाच वर्षं ज्या गोष्टीचा तिने वास घेतला होता ती गोष्ट इथेच होती. भिंतीवरच्या फोटोत होती, काचेवरच्या वाळलेल्या कुंकवात होती. आणि तिच्या खाली, शेकाच्या आशेने अंग चोरून, दोन माणसं निजली होती.

आजची रात्र ती स्वतः जागू शकत होती. खिडकी उघडी ठेवून, दाराला पाठ लावून. उद्याचीही. परवा ती हैदराबादला असणार होती. थंडी आणखी महिनाभर होती, आणि नागनाथचं पोतं भरलेलं होतं.

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा," ती म्हणाली. आपलंच बोलणं तिला पोकळ वाटलं.

"कोणत्या डॉक्टरनं? नावं सांगू नको मले." आत्याने पट्टी उचलली आणि खिळ्याच्या भोकावर धरली. "तू स्वतः बाळंत झाली असती त कळलं असतं बाळंतिणीले किती थंडी वाजते. पुस्तकातलं पुस्तकात ठेव, बाई. एवढं मोठं घराणं आपलं. सांग मले, आपल्या घरात कधी कोणी मेलं का शेगडीनं? एक नाव सांग."

दमयंतीने नागनाथकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. त्याच्या मिशांखालचा ओठ हलत होता, जणू तो काही जुळवून पाहत होता आणि ते जुळायला नको होतं.

दारात ऊब आली. आधी ऊब, मग उजेड, मग बाबा. त्यांनी शेगडीचे दोन्ही कान फडक्यात धरले होते. अंगणात बसून त्यांनी ती नीट पेटवली होती. कोळसा आतून-बाहेरून लाल झाला होता, त्यावर धुराची रेघसुद्धा नव्हती. त्यांच्या हनुवटीखाली लालसर प्रकाश पडला होता.

"सरका ना थोडं," नागनाथ हळूच आत्याला म्हणाला.

आत्या सरकली. वाट मोकळी झाली. बाबा उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. शेगडी जड होती, फडक्यातून चटका लागत असणार. त्यांनी पकड बदलली. पण पाऊल आत टाकलं नाही. रेणुकाकडे पाहिलं नाही, बाळाकडे नाही, खिडकीकडे नाही. ते दमयंतीकडे पाहत होते.

"दमू," ते म्हणाले, "तुहं काम कोणत्या वायूचं हाय म्हणे?"

पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं होतं. आवाज साधा होता, मेसमधल्या भाजीबद्दल विचारावं तसा. फक्त निखाऱ्यांवरची राख हलके हलके झडत होती.

तिने सांगितलं नाही. नाव सांगून काय होणार होतं? त्यांना नाव नको होतं.

"नेऊ आत?" त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाली, "तिले काय विचारतं, गोपाळ? ने ना. लेकरू गारठून राह्यलं."

"तिले विचारलं मी," बाबा म्हणाले.

दमयंती पुढे झाली. उंबऱ्याच्या अलीकडे ती, पलीकडे बाबा, मध्ये ती धग. तिने फडक्यावरून त्यांच्या हातांवर हात ठेवले. चटका लागला, पण तिने हात काढले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाहायला तिला वेळ लागला. त्यांनी नजर हलवली नाही. अनेक रात्री ओसरीत पडून एखाद्याची वाट पाहणाऱ्या माणसाची ती नजर होती.

"नका नेऊ, बाबा," ती म्हणाली. आवाज फुटेल असं तिला वाटलं होतं, तो फुटला नाही. "आई ह्यानंच गेली. थंडीनं नाही, खोकल्यानं नाही. ह्या शेगडीनं गेली. तुमाले मालूम नव्हतं, कोणालेच नव्हतं. मले तिचं तोंड पाह्यल्याबरोबर कळलं, अन् मी बोलली नाही."